सुकाणूवरची सवत

"हा एकदा बसवला ना काकू, की सुकाणूवर माणूस लागतच नाही," विक्रीवाली म्हणाली. "दिशा सांगायची, बटण दाबायचं. होडी आपली आपण जाते."

"आणि माणसाने तोवर काय करायचं? माश्या मारायच्या?" आक्काने विचारलं.

विक्रीवाली हसली. हसण्याचाच पगार असतो तिला. टेबलावर एक काळा चौकोनी डबा ठेवला होता, जेवणाच्या डब्याहून लहान. त्याला दोन बटणं आणि एक हिरवा दिवा. ऑटोपायलट म्हणे. मिस्त्री त्याच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते, की लग्नातही त्यांनी आक्काकडे तसं पाहिलं नव्हतं.

"घेऊ," मिस्त्री म्हणाले.

"घेऊ म्हणजे? कुणाला विचारून?"

"अगं, ऐकून तर घे."

"ऐकलं की. होडी आपली आपण जाते. मग आपण घरीच बसू आणि तिलाच पाठवू."

मिस्त्री लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यांत गेला. डोक्यावर टांगलेला पिंजरा, अंगाला ग्रीसचा वास आणि वर मान केली तर रुमालाएवढा उजेड. म्हणूनच असेल, पण सुटी आली की हा माणूस पाण्यावर. तरुणपणी कुणाकडून तरी एक जुनी शिडाची होडी घेतली, बिनछपराची, दोघांपुरती. पहिल्याच फेरीला त्यांनी सुकाणूचा दांडा बायकोच्या हातात दिला आणि आपण शिडाचे दोर घेतले. तेव्हा पडली ती वाटणी कायमची. मिस्त्री म्हणायचे, "वळव," आणि आक्का वळवायची. तिला पटलं तरच.

आक्काचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा तिने बाहेरूनच जास्त पाहिली होती, पण सुईत दोरा ओवायला अजून चष्मा लागत नसे, आणि ही गोष्ट ती ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगत असे. सुना तिला वचकून असत. जावई तिच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसे. पण तिचं खरं राज्य घरात नव्हतं. ते होतं त्या होडीच्या मागच्या फळीवर, हातभर दांड्याच्या टोकाशी.

आता मिस्त्री निवृत्त झाले होते, दुकान थोरल्या सुनेकडे गेलं होतं आणि दोघांनी साठवलेल्या पुंजीतून मोठी होडी बांधायला टाकली होती. झोपायला जागा, चूल, छप्पर, सगळं असलेली. अंगात जोर आहे तोवर किनाऱ्याकिनाऱ्याने, या बंदरातून त्या बंदरात हिंडायचं. होडीचा सांगाडा मागच्या शेडमध्ये तयार होता. त्यात काय काय बसवायचं, ते आज ठरायचं होतं. म्हणून तर आक्का ठेवणीतली चप्पल घालून आली होती.

"गरम पाण्याची टाकी?" विक्रीवालीने विचारलं.

"नको," मिस्त्री म्हणाले.

"फ्रीज?"

"नको."

"बायको हवी का, एवढंच विचारायचं राहिलंय," आक्का पुटपुटली.

"शीड मागे बसूनच गुंडाळता येईल अशी मोटर?"

"ती हवी. आणि सगळे दोर पुढून मागे आणून द्या, सुकाणूच्या चाकापाशी. जाग्यावरून उठायला लागता कामा नये."

"दुसरं जहाज जवळ आलं की सांगणारं यंत्र?"

"घ्या. आवाज मोठा हवा त्याचा. चांगला कानठळ्या बसवणारा."

"काका, तुमचं सगळं पक्कं ठरलेलं दिसतंय," विक्रीवाली खूश होऊन म्हणाली. "एकट्याने सफर करणारे अगदी हेच सामान घेतात."

एकट्याने.

आक्का गप्प झाली. आक्काची बडबड चालू असली की घरात सगळं ठीक असे. ती गप्प झाली की सुना भांडीसुद्धा आवाज न करता ठेवत. मिस्त्रींना हे माहीत होतं, पण ते त्या डब्याच्या बटणांवरून बोट फिरवत राहिले.

म्हणजे असं आहे, आक्काच्या मनात आलं. सुकाणू डब्याचं. शीड मोटरचं. मग माझं काय? चहा करायला नेणार मला? का तेवढंही नाही? कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. दुसरी बाई आणली असती, तर निदान झिंज्या धरता आल्या असत्या. डब्याला झिंज्या नसतात.

"प्रत्यक्ष बघू या का?" विक्रीवाली म्हणाली.

शेडमध्ये रंगाचा आणि चिकटद्रव्याचा वास कोंदला होता. लाकडी टेकूंवर पांढरीशुभ्र होडी उभी होती, पोट दाखवत. वर जायला शिडी. मिस्त्री आधी चढले, प्रत्येक पायरी पायाने चाचपत. नव्या नवरीसारखे काय चढताय, असं आक्काच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने आज मौन धरलं होतं आणि ते फुकट घालवायचं नव्हतं.

वर फळ्यांवर कारागिराची अवजारांची पेटी होती. लालभडक, कुत्र्याएवढी मोठी, बाजूला का होईना पण उघड्यावर ठेवलेली. मिस्त्री तिच्यावर जाऊन आदळले. नडगी चोळत म्हणाले, "कुठेही ठेवतात सामान."

"लक्ष नाही तुमचं," आक्का बोललीच. अलीकडे हे रोजचंच झालं होतं. ताटाजवळचा पेला सांडायचा, दाराची चौकट खांद्याला लागायची. ती चिडायची. ते हसायचे.

"ये, इथे बस जरा." मिस्त्रींनी तिला चाकाच्या डाव्या बाजूला बसवलं. "हात लांब कर. त्या विंचपर्यंत पोचतो?" विंच म्हणजे दोर गुंडाळून ओढायची पोलादी फिरकी.

"माझं माप कशाला घेताय? झबलं शिवायचंय?"

"पोचतो का सांग."

"नाही पोचत."

"वीतभर अलीकडे घ्या," मिस्त्रींनी विक्रीवालीला सांगितलं. "आणि दोर अडकवायचे खटके हिच्या कोपराच्या उंचीला."

विक्रीवालीने लिहून घेतलं. आक्काला काही उमगेना. जिला डच्चू द्यायचा, तिच्या कोपराची उंची कशाला हवी?

"आता स्क्रीन," विक्रीवाली म्हणाली. चाकापुढे नमुन्याला दोन पडदे लावले होते, एक मोठा, एक लहान. तिने लहान चालू केला. निळं पाणी, पिवळा किनारा आणि मधे होडीचा बाण उमटला. "पाण्याखालचे खडक, उथळ जागा, सगळं यात येतं. लहान स्वस्त आहे आणि बहुतेकांना पुरतो. हा बघा काका, खडकाजवळ गेलो की असं लाल चमकतं."

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका उघडमीट करत होता. आंधळ्यालाही दिसावा असा.

"वा! छान दिसतोय खडक," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी बोट ठेवलं मधल्या बाणावर. आपल्याच होडीवर.

विक्रीवाली क्षणभर थांबली. पोरगी चांगल्या घरची असावी. काही बोलली नाही.

आक्काने उभ्या आयुष्यात हजारो शिवणी उसवल्या होत्या. एक टाका सापडला की सगळी शिवण कशी सरसर सुटते, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पेला, चौकट, शिडीची पायरी, लाल पेटी. मोठ्या आवाजाचं यंत्र. तिच्या कोपराची उंची. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"मोठा पडदा द्या," ती म्हणाली.

"लहान चालेल की," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला चालेल. मला नाही दिसत हल्ली." आणि विक्रीवालीकडे वळून, मान ताठ ठेवून, ती म्हणाली, "माझे डोळे अधू झालेत बाई. सुईत दोरा ओवायला नात लागते."

मिस्त्रींनी अख्खी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आम्ही जरा बाहेर हवा खाऊन येतो," आक्का म्हणाली. "अहो, चला. शिडीवरून मी आधी उतरते."

बाहेर पाण्याच्या कडेला एक जुनी होडी पालथी घातलेली होती. दोघं तिच्या पाठीवर बसली. समोर बांधलेल्या होड्यांचे दोर वाऱ्याने डोलकाठ्यांवर टकटक वाजत होते.

"कधीपासून?" आक्काने विचारलं.

मिस्त्रींनी पालथ्या होडीच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "वर्ष झालं असेल. समोरचं दिसतं. कडेचं गेलं. खड्ड्यात उभं राहून वर बघायचो ना, तसं. तेवढाच चौकोन."

"डॉक्टर?"

"गेलं ते परत येत नाही म्हणतात. थेंब घालायचे. उरलंय ते धरून ठेवायचं."

"आणि मी काय मेले होते? मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"होडी रद्द करा म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

आक्काला राग आला. रागाने डोळ्यांत पाणी येतं कधी कधी, ते तिने पदराने पुसलं. "आणि तो डबा? मला उठवून माझ्या जागी बसवायला निघालात त्याला?"

"तुला उठवायला नाही गं." मिस्त्री पाण्याकडे बघत बोलत होते. "शिडाचं काम डोळ्यांचं आहे. वर बघायचं, बाजूला बघायचं, वारा कुठून फिरतोय ते बघायचं. ते मला जमेनासं होणार. आजच निम्मं जमत नाही. उद्या तुलाच करायचंय. दोर तुझ्याकडे आले की दांडा कुणी धरायचा? म्हणून तो. त्याला तुझी जागा दिली, कारण तुला माझी द्यायचीय."

टकटक चालूच होती. आक्का बराच वेळ काही बोलली नाही. हे गप्प बसणं वेगळं होतं. या गप्प बसण्याला मिस्त्रीही नवीन होते.

"मला दोर ओढता येत नाहीत," शेवटी ती म्हणाली.

"मी सांगेन ना, बाजूला बसून."

"बाजूला बसून सांगणारे ढीगभर मिळतात."

"मग सोडून देऊ? पैसे निम्मे परत देतील ते. घरी बसू. मी खिडकीत बसेन."

ते साधंच बोलले, टोमणा नव्हता. आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर त्यांचे हात पडले होते, रुंद, गाठी आलेले, ग्रीस कायमचं नखांत मुरलेले. हातांना काही झालं नव्हतं. ते आपले तिथे बसले होते, परक्याच्या घरी बसल्यासारखे, कुणी काम सांगेल का म्हणून वाट बघत.

"उठा," ती म्हणाली. "ती पोरगी थांबलीय. आणि मला न विचारता पुन्हा काही ठरवलंत तर त्या डब्यासकट पाण्यात ढकलीन."

टेबलाशी या वेळी आक्का आधी बसली. "लिहा. तो डबा घ्यायचा, चांगल्यातला. मोठा पडदा. खटके माझ्या कोपराशी, ते लिहिलंयत ना? आणि चाकाशेजारी मऊ गादीची बैठक हवी, पाठ टेकता येईल अशी. यांना बसून मला शिकवायचंय. माझ्यासारखी विद्यार्थीण म्हणजे पाठीला टेकू लागणारच."

विक्रीवाली हसली. या खेपेला पगारापुरतं नव्हतं. "झालंच मग. आता फक्त नांगर राहिला. बटण दाबलं की मोटर साखळी वर ओढते, सगळे तीच घेतात. नाही तर हा, हाताने फिरवायचा." कोपऱ्यात एका फळीवर नमुन्याचा लोखंडी रहाट ठोकलेला होता. त्याला दांडा, आणि खाली साखळीचा ढीग.

"मोटर," मिस्त्री म्हणाले. "सगळंच बटणाचं आहे, तेही असू दे."

"मोटर नको," आक्का म्हणाली.

"काकू, नांगर जड असतो हो. या वयात हाताने कशाला?"

"तुम्ही लिहा. हाताचा. नांगर हे ओढतील."

विक्रीवालीने मिस्त्रींकडे पाहिलं, मग आक्काकडे.  मिस्त्री उठले. टेबलाच्या कडेला हात लावून, मग खुर्चीच्या पाठीला, मग भिंतीला, असे कोपऱ्यात गेले आणि रहाटापुढे एक गुडघा टेकून बसले. दांडा हाताला लागला तसा त्यांनी तो दोनदा मागेपुढे करून पाहिला. दात्यांचा आवाज ऐकला. "तेल कमी आहे याला," म्हणाले.

मग ते फिरवू लागले. एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताच्या ओंजळीतून साखळी. कडीमागून कडी, प्रत्येक अंगठ्याखालून तपासून वर येत होती. नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर होती. विक्रीवालीचा पेन कागदावरच थांबला.

"आणखी काही, काकू?" तिने हळूच विचारलं.

आक्काने बोट ओठांवर ठेवून तिला गप्प केलं. साखळी अजून यायची होती.