शेंदराखालचा बगिचा

मित्रांनो, वर्धा शहर मागे पडून नालवाडीच्या पुढे घरांसाठी प्लॉट पाडलेले नवे लेआउट सुरू होतात, तिथे वेदश्रीनगरच्या तोंडाशी एक छोटेसे मंदिर आहे. गुळगुळीत फरशी, वर पितळी घंटा आणि आत शेंदराने माखलेला एक ठेंगू देव. येणारे-जाणारे गाडी हळू करून त्याला नमस्कार करतात. तो देव म्हणजे मी. पण मी देव नाही. मी हद्दीचा एक जुना दगड आहे, आणि दगडही नावालाच. माझ्या अंगात वाळू, गिट्टी आणि सिमेंट आहे.

माझा जन्म सिंदी मेघेत रूपराव मिस्त्रींच्या अंगणात झाला. त्यांच्याकडे लोखंडी साचे होते. माझ्यासोबत साच्यांतून निघालेल्या भावंडांवर त्यांनी प्लॉटचे नंबर टाकले. माझ्या ओल्या अंगावर मात्र त्यांनी मोठ्या खिळ्याने एक शब्द कोरला, ‘बगिचा’. त्यांची बायको आनंदाबाई बाजूला गिट्टी चाळत होती.

“एवढं खोल कायले खोदून राह्यले?” तिने विचारले. “नंबर तं वरवर टाकता.”

“नंबर बदलते,” मिस्त्री म्हणाले. “बगिचा कोन बदलवते?”

मग त्यांनी मला गोणपाटात गुंडाळून रोज पाणी पाजले. सिमेंट वाळून घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. तसे नसते, मित्रांनो. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते. लवकर वाळले, तर ते कच्चे राहते. मला भरपूर पाणी मिळाले, त्यामुळे माझी अक्षरे पक्की झाली.

ते दिवस जमिनीच्या तेजीचे होते. मोठा रस्ता जवळून जाणार, कारखाने येणार, अशी बोलणी चहाच्या प्रत्येक टपरीवर चालत. जमिनीचा धंदा करणाऱ्या भूपेंद्रभाऊंनी एक शेत घेतले, त्यात मुरमाचे रस्ते पाडले आणि आपल्या मुलीचे नाव त्याला दिले. लेआउट पाडताना सर्वांसाठी काही जागा मोकळी सोडावी लागते. ती जागा अगदी समोर, रस्त्यालगत ठेवली होती आणि तिच्या कडेला मी उभा होतो. भूपेंद्रभाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी माझ्याकडे आणत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवत.

“हा पाहा आपला बगिचा,” ते म्हणत. “हा दगड इथून हालनार नाई. माहा शब्द हाय.”

माझी छाती तेव्हा फुगून येई. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दाला मी साक्षीदार होतो.

त्या गिऱ्हाइकांत बंडोपंत आणि त्यांची बायको पद्माबाई हे दोघे होते. बंडोपंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून, पद्माबाई शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई. बंडोपंतांच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. नळीतून पाहावे तसे त्यांना समोरचे तेवढेच दिसे, आणि ती नळीही अरुंद होत होती. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

“उद्या दिसेनासं झालं तरी मले कोणाचा हात धरून फिरायचं नाई,” त्यांनी भूपेंद्रभाऊंना सांगितले. “म्हणून ही मोकळी जागा पाहून घेऊन राह्यलो.”

भूपेंद्रभाऊंनी त्यांचा हात धरून माझ्या अक्षरांवर ठेवला. “वाचा, काकाजी. बोटानं वाचा.”

गावातले घर विकून त्या दोघांनी माझ्या अगदी समोर घर बांधले. नजर थोडी शिल्लक होती, तोवर बंडोपंतांनी फिरण्याचा सराव करून घेतला. फाटकातून सरळ माझ्यापाशी यायचे, तारेच्या कुंपणाला हात लावत मोकळ्या जागेला वळसा घालायचा आणि पुन्हा माझ्यापाशी थांबायचे. माझी अक्षरे त्यांच्या घराकडे तोंड करून होती. त्यामुळे बोटांना अक्षरे लागली की घर बरोबर पाठीमागे, हे त्यांनी पक्के करून ठेवले होते. नळी पूर्ण मिटली, त्यानंतरही ते रोज सकाळी एकटे येत. ‘ब’पासून ‘चा’पर्यंत बोट फिरवत, मागे वळत आणि सरळ घरी जात. बगिच्यात अजून एकही झाड लागले नव्हते. तरी आपण बगिचा आहोत, याबद्दल मला शंका नव्हती.

मग बाजार बसला. ज्याच्या त्याच्या शेतात लेआउट पडले होते. जिकडे पाहावे तिकडे माझ्यासारखे दगड, आणि घर बांधणारे मोजकेच. प्लॉटांवर तरोट्याचे रान माजले. धीरज नावाच्या दुकानदाराने पुढे नफा मिळेल म्हणून इथे दोन प्लॉट घेऊन ठेवले होते. एकदा तो आणि भूपेंद्रभाऊ माझ्यापाशीच उभे राहून बोलले.

“भाऊ, माया प्लॉटले गिऱ्हाईक नाई. भाव पडला म्हणून राह्यले लोक.”

“पडला म्हणू नोको. थंडा हाय म्हण.”

“थंडा म्हणा का मेला म्हणा, मले विकून द्या.”

भूपेंद्रभाऊंनी बोर्डावरचा भाव उतरवला नाही. उतरवला असता, तर जास्त भावाने घेतलेले सगळे त्यांच्या दारात येऊन बसले असते. त्याऐवजी ते प्लॉटसोबत चांदीचे नाणे देऊ लागले, मग रजिस्ट्री फुकट, मग स्कूटर. तरी प्लॉट खपेनात. सरकारी भाव वेगळाच होता. बाजार खाली आला, पण सरकारी भाव जागचा हलला नाही. लोक जी किंमत देत नव्हते, तिच्यावर त्यांना मुद्रांक शुल्क भरावे लागे. पुढे काही महिने त्यात सवलत मिळाली. नंतर लेआउटवाल्यांनाही एक सवलत मिळाली. नकाशा बदलून लहान प्लॉट पाडा, मोकळी जागा लेआउटमध्ये दुसरीकडे घ्या. साध्या माणसाला परवडावे, असे कारण त्यामागे होते, आणि कारण वाईट नव्हते.

नव्या नकाशात बगिचा मागे नाल्याकाठी गेला. क्षेत्रफळ होते तेवढेच राहिले. कागद तपासणाऱ्याला त्यात चूक सापडली नसती.

एका सकाळी दोन मजूर लोखंडी सब्बल घेऊन मला उपटायला आले. पद्माबाई धावत आल्या. भूपेंद्रभाऊ गाडीतच बसून होते.

“भूपेंद्रभाऊ, बगिचा कुठे चालला?”

“कुठं नाई, मॅडम. जरासा मागं सरकला.”

“मागे नाला आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं.”

“मंग गारवा राहीन ना.”

“तुम्ही यांचा हात याच दगडावर ठेवला होता.”

भूपेंद्रभाऊंनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, “तवाचा भाव आनून द्या मॅडम, तवाचा बगिचा देतो.”

मित्रांनो, मी त्यांच्या शब्दाचा साक्षीदार होतो. पण साक्ष द्यायला मला तोंड नव्हते, फक्त अक्षरे होती.

पद्माबाई माझ्यापुढून हलल्या नाहीत, तेव्हा मजूर उद्या येतो म्हणून गेले. पद्माबाईंनी उभ्या आयुष्यात शनिवार पाळला नव्हता. त्या संध्याकाळी त्या वाटीत तेल आणि शेंदूर कालवून माझ्यापाशी आल्या आणि मला डोक्यापासून मातीपर्यंत माखू लागल्या. वास ओळखून बंडोपंत फाटकातून म्हणाले, “पद्मा, काय करून राह्यली? विज्ञान शिकवलं ना तू?”

“शिकवलं. म्हणून तर माहीत आहे, लोक कशाला घाबरतात.”

“अन् मंग?”

“तुमची वाट राखते आहे. चूप बसा.”

दुसऱ्या दिवशी मजुरांनी मला पाहिले, सब्बल खाली ठेवली आणि हात जोडले. शेजारच्या बायांनी नारळ फोडला. कोणीतरी रुईच्या पानांचा हार घातला. बगिचा वाचला, असे सगळे म्हणाले, आणि मीही ते खरे मानले.

पुढच्या सकाळी भूपेंद्रभाऊ आले. त्यांनी मला नीट न्याहाळले, पायातले बूट काढले आणि जमलेल्या लोकांकडे वळले.

“देवाच्या जागेले मी हात नाई लावत. उलट माया खर्चानं मंदिर बांधून देतो.”

सगळ्यात आधी धीरज बोलला. “जमते, भाऊ. मंदिरासमोरचा प्लॉट म्हटलं का गिऱ्हाईक येते.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. प्रत्येकाचा एखादा प्लॉट होता आणि प्रत्येकाच्या प्लॉटचा भाव थंडा होता.

“मंदिर नको,” पद्माबाई म्हणाल्या. “बगिचा हवा. हा देव नाही, हा बगिच्याचा दगड आहे.”

“असं काऊन म्हणता, मॅडम?” धीरज हसला. “देव तं तुमीच बसवला.”

एकही माणूस पद्माबाईंच्या बाजूला आला नाही. काल नारळ फोडलेल्या बायासुद्धा पदर सावरत घरी गेल्या.

माझ्याभोवती चार भिंती उठल्या. उरलेल्या मोकळ्या जागेचे लहान प्लॉट झाले आणि तारेचे कुंपण निघाले. नव्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘मंदिराजवळ प्लॉट’ असे लिहिले गेले. भूपेंद्रभाऊंनी दिलेला शब्द एका अर्थी खरा ठरला. दगड हलला नाही. दगडामागचे सगळे हलले. धीरजच्या प्लॉटांवर मात्र अजून तरोटाच आहे.

मंदिर झाल्यावर एका सकाळी बंडोपंत नेहमीसारखे एकटे निघाले. पायरीला अडखळले, उंबरा चाचपला आणि आत येऊन त्यांनी माझ्यावर हात ठेवला. त्यांचे बोट ‘ब’ शोधू लागले. तिथे नुसते गुळगुळीत तेलकट दाट थर होते. बोट वर गेले, खाली आले, एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरले. पाहता पाहता माणसाचा चेहरा कसा हरवतो, ते मी तेव्हा पाहिले. ते वळले ते भिंतीकडे. पुन्हा वळले आणि दुसरी भिंत लागली.

“पद्मा,” त्यांनी हाक मारली, “याचं तोंड बुजलं गं.”

पद्माबाई आल्या. त्या खाली बसल्या आणि नखाने माझ्यावरचा शेंदूर खरवडू लागल्या. ‘ब’चा गोल जेमतेम उघडा पडला असेल, तोच दारातून धीरजचा आवाज आला.

“मॅडम, देवाले नख लावू नोका. बरं नाई दिसत.”

त्यांनी नख मागे घेतले आणि बंडोपंतांचा हात धरला. त्या दिवसापासून ते हात धरूनच फिरतात, तेही फाटकाच्या आतच.

ज्यांनी मला उपटायचे ठरवले, त्यांच्यावर माझा राग आहे. पण ज्यांनी माझ्यापुढे हात जोडले, त्यांनी मला जास्त फसवले, असे मला वाटते. मी आता दिवसभर नमस्कार घेतो आणि प्रत्येक नमस्काराबरोबर शेंदराचा थर वाढतो.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही एखादा दगड असेल, एखादी पाटी असेल. तिला हार घालण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. आणि कधी वेदश्रीनगरला आलात, तर घंटा वाजवू नका. खाली बसून नखाने थोडा शेंदूर खरवडा. माझी अक्षरे खोल आहेत, पाणी पिऊन पक्की झाली आहेत, ती पुसली गेलेली नाहीत. ‘चा’च्या कान्यापर्यंत सगळी मोकळी झाली की समोरच्या फाटकावर जा आणि बंडोपंतांना एकदा हाक मारा. पुढचे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.