ठकूबाईच्या घरातला जेट

ठकूबाईचा डावा हात गेला तो भाताच्या आवणीच्या दिवसांत. खाचरात वाकलेली बाई तिथेच कलंडली आणि दवाखान्यातून गावी, कडावला, परत आली ती काठी टेकत. पाय हळूहळू ताळ्यावर आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. डावा हात मात्र खांद्याला नुसता लोंबत राहिला. जो तो म्हणायचा, नशीब तुझं, उजवा वाचला. लोकांना म्हणायला काय जातं?

उजवा हात भाकरी थापायचा, वाढायचा, विहारात फूल वाहायचा. संडासला गेल्यावर धुवायचं काम डाव्याचं. ही वाटणी ठकूबाईच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "आजी, आता उजव्यानेच धुवा, साबण लावला की झालं." घरी आल्यावर ठकूबाईने एकदा तसं केलंही. साबण घासघासून हात लाल केला, पण त्या दिवशी त्या हाताने तिला घास उचलवेना. दुसऱ्या दिवसापासून सून, उज्वला, धुवायला लागली.

रत्नदीपने, म्हणजे ठकूबाईच्या मुलाने, मागच्या संडासात कमोड बसवून घेतला होता. त्याचं दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही, असा घरात नियमच झाला. आतून "झालं" एवढं म्हटलं की उज्वला यायची. पाणी, साबण, पुन्हा पाणी. तोंड वाकडं नाही की एक शब्द नाही. ठकूबाई तेवढा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. याच सुनेला तिने एके काळी कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. आता कितीही खारट लागलं तरी मुकाट गिळायची. बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि चार चांगले शब्द बोलायला जावं, तर ते ओठांवर येईनात. शरमेने बाई आतल्या आत जळत होती.

रत्नदीप मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत फिटर. पाइप दिसला की त्याचे हात शिवशिवतात. नेरळला एका मित्राच्या नव्या फ्लॅटमध्ये त्याने कमोडच्या सीटखाली बसवायचा जेट पाहिला आणि तसाच घेऊन आला.

"आये, ह्यो बघ. वर बसायचं न् ही चावी फिरवायची. खालून पानी येतंय, तेच साफ करतंय. हात लावायचाच नाय."

"कुठला हात?"

"कुठलाच नाय गं. चावी उजव्या बाजूला हाय, ती तेवढी उजव्यानं धरायची."

ठकूबाईने ती प्लास्टिकची पट्टी मांडीवर घेऊन उलटीसुलटी पाहिली. चावीवर बोट फिरवलं. "आन् चावीला कायबाय लागंल का रं?"

"तिला काय लागायचंय? ती बाजूला ऱ्हाते."

"मंग बसव की. माझं तोंड काय बघतोस?"

रविवारी रत्नदीपने पान्हा हातात घेतला. सीट काढली, पट्टी बसवली, आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, नळी आवळली. पण चावी फिरवली तर पाणी नुसतं ओघळलं, कारण टाकी संडासाच्या पत्र्याहून जेमतेम हातभर उंच. कंपनीत पंपाच्या लाइनवर राबणाऱ्या माणसाला हे पाहवेना.

"ही धार हाय का लाळ?" असं म्हणून त्याने टाकीचा जोड काढला आणि बोअरच्या मोटरचा जो पाइप गोठ्यात जातो, त्यालाच थेट नळी जोडून टाकली.

"अवो, आत्यांना धुवायचंय, टँकर नाय," उज्वला गोठ्यातून म्हणाली. मोटर लावून ती म्हशी धूत होती.

"तू म्हस धू. प्रेशरमधलं तुला काय कळतंय?"

त्याने जेट लावून पाहिला. धार बेताची आली, तांब्याने ओतावी तशी. गडी खूश झाला. निम्मं पाणी गोठ्यातल्या नळीने जातंय म्हणून धार बेताची आहे, हे फिटरसाहेबांच्या डोक्यात काही आलं नाही.

ठकूबाई काठी टेकत आत गेली आणि तिने दाराला कडी लावली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. कडी जरा गंजली होती, पण बसली. तिने चावी हळूच फिरवली आणि पाणी बरोबर जागेवर आलं. ठकूबाईला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली.

तेवढ्यात गोठ्यात म्हशी धुऊन झाल्या आणि उज्वलाने तिकडचा कॉक बंद केला. मोटर चालूच. पाण्याची एक वाट बंद झाल्यावर सगळा जोर दुसऱ्या वाटेने निघाला. ठकूबाई किंचाळून अर्धी उठली, तशी तिच्या अंगाखालून धार सुटली ती थेट पत्र्यावर. ताड ताड ताड! आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"आये!" रत्नदीप दारावर धडका द्यायला लागला. "आये, कडी काढ! पडशील!"

"नाय काढणार!"

"दार तोडतो मी!"

"तोडून तर बघ! तंगडं मोडीन तुझं!"

ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, पदर चिंब. पण तिला एकच भीती होती, ती पडण्याची नव्हती. आता दार उघडलं तर मुलगा आत येईल, सून आत येईल, दोघं मिळून तिला उचलतील, पुसतील, आणि उद्यापासून पुन्हा ते लोटलेलं दार. त्यापेक्षा भिजून मेलेलं बरं. तिने काठी भिंतीला टेकवली आणि दात आवळून परत त्या धारेवरच बसली. काय लागलं असेल ते तिचं तिला माहीत. मग ओल्या बोटांनी चावी चाचपली आणि फिरवली. पाणी थांबलं.

बाहेर उज्वलाने धावत जाऊन मोटर बंद केली. पाइपात उरलेलं पाणी ठकूबाईने चावी किंचित उघडून बेताने घेतलं आणि हाती घेतलेलं काम शांतपणे पुरं केलं. लुगडं नीट केलं, काठी घेतली आणि मगच कडी काढली. डोक्यापासून पायापर्यंत निथळत ती दारात उभी राहिली. अशी ताठ की आवणीच्या आधीही इतकी ताठ नसेल.

"झालं माझं," ती म्हणाली. "कुनी यायला नको." आणि रत्नदीपकडे वळून, "टाकीवरच जोड रं बाबा ते. मला तेवढी धार लय हाय."

संध्याकाळपर्यंत ही बातमी आळीभर झाली. शेजारची जनी दोन बायांना घेऊन आलीच. "काय गं ठकूबाय, तुझ्या संडासात आतूनच पाऊस पडला म्हनं!" सगळ्या खिदळल्या. ठकूबाईही पोट धरून हसली. तिने त्यांना मागे नेऊन चावी फिरवून दाखवली, सगळं कसं होतं ते न लाजता सांगितलं, आणि ओटीवर येऊन बसली. उज्वला चहा घेऊन बाहेर आली.

"जने, हसून झालं का?" ठकूबाई म्हणाली. "मंग आता ऐक. आवणीपासून कालपातुर माझं ढुंगण हिनं धुतलं."

बायांचं हसू तिथंच विरलं.

"रोज धुतलं. कवा नाकाला पदर लावला नाय, कवा कुनापाशी बोलली नाय. तुमाला ठाव व्हतं का? नव्हतं ना? मलाच सांगायला तोंड नव्हतं. आज हाय, म्हनून सांगते. पोटच्या पोरीनं केलं नसतं ते माझ्या सुनंनं केलं. ऐकलंत का सगळ्यांनी?"

आवाज चढला होता, शेजारच्या घरापर्यंत सहज जाईल इतका. उज्वला ट्रे धरून तशीच उभी होती.

"आत्या, च्या निवतोय," ती कशीबशी म्हणाली.

"निवू दे. तू हितं ये, माझ्याजवळ बस."

उज्वलाला ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना. शेवटी जनीनेच उठून तो तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना चहा दिला.