माझ्या पोटातली शेवटची टेप

मित्रांनो, मी एका हातात मावणारा जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्यात टेप घालावी लागायची. काडेपेटीहून थोडी मोठी, तासाभराची. माझं पोट उघडायचं, टेप आत ठेवायची, पोट आपोआप मिटायचं. माझ्यानंतरच्या कॅमेऱ्यांना पोटच नसतं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने छोटी चाकं बसवली, एकीने पट्टा, एकीने मोटर. भिंग शेवटी बसलं. ते बसल्याबरोबर मला या जगातली पहिली गोष्ट दिसली, ती म्हणजे समोरच्या बाईची जांभई. मग मला खोक्यात घातलं आणि बराच काळ काहीच दिसलं नाही.

मी ज्या घरी आलो तिथे तिघं राहत होती. लेक त्या दोघांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणतो. बाबा छापखान्यात मोठ्या मशीनवर काम करायचे. पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकाने विचारलं, भेट काय देऊ, घड्याळ की कॅमेरा? बाबा घड्याळच घेऊन येणार होते. आई म्हणाली, "घड्याळ घेऊन काय करायचंय? भिंतीवर एक आहे, तुमच्या मनगटावर एक आहे, तरी तुम्ही जेवायला उशिराच येता. कॅमेरा सांगा."

तेव्हापासून मी आईचा झालो. बाबांना ती मला हात लावू द्यायची नाही.

"तुमचे हात बघा."

"धुतलेत."

"धुतलेलेच बघतेय मी."

बाबांच्या हातांना कायम मशीनचं तेल असायचं. घरीही त्यांची एक लांब चोचीची तेलाची बुधली होती. दाराची बिजागरी कुरकुरली, घाल तेल. पंखा, शिवणयंत्र, लेकीची सायकल, खिडकीची कडी, कशालाही दोन थेंब. आई म्हणायची, "हे एक दिवस आपल्याच घरात घसरून पडणार आहेत." बाबा हसायचे आणि बुधली पुसून जागेवर ठेवायचे. प्रेम कसं दाखवायचं हे त्यांना दुसऱ्या कोणत्या प्रकारे येत नसावं.

आईने माझ्याकडून काय काय टिपून घेतलं, ते सांगायला बसलो तर संपणार नाही. लेकीचा पडलेला दात. गॅलरीतल्या कुंड्या. बाबा खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, वर्तमानपत्र पोटावर. त्रेचाळीस टेपा भरल्या. त्या बुटांच्या खोक्यात ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी.

त्या त्रेचाळीस टेपांत आई मात्र एकदाही दिसत नाही. आवाज सगळीकडे आहे. "इकडे बघ", "हसू नकोस उगीच", "अहो, सरका जरा". लेक अधूनमधून म्हणायची, "आई, आता तू ये ना समोर." आई म्हणायची, "मी आले तर पकडणार कोण?" हा प्रश्न अवघड नव्हता, मित्रांनो. घरात आणखी चार हात होते. पण कोणी पुढे केले नाहीत आणि तो प्रश्न तसाच राहून जायचा.

मग फोनमध्येच कॅमेरे आले. लेकीने सगळ्या टेपा एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, त्यामुळे त्यांची काळजी मिटली आणि माझं कामही संपलं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. मी कपाटात, पांघरुणांच्या मागे गेलो. तिथून मला फक्त ऐकू यायचं. इस्त्रीचा ठोका, नळाचं पाणी, बाबांचं खोकणं. वर्षा-दोन वर्षांतून एकदा आई मला बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. पुसायला काढतात तेव्हा आपल्याला वाटतं, आता काम मिळणार. मिळायचं नाही.

एके दिवशी दुपारी कपाट उघडलं. बाबा आईची औषधं आणायला गेले होते. आईने मला काढलं, वायर लावली, टेबलावर तीन पुस्तकं रचली, त्यांवर मला ठेवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. डोक्याला रुमाल बांधलेला, गळ्याची हाडं वर आलेली. मी तिला पहिल्यांदाच समोरून नीट पाहत होतो. इतकी वर्षं मला तिचा तळहात तेवढा ठाऊक होता. तिच्या हातात एक कागद होता. ती चाळीस मिनिटं बोलली. काय बोलली ते मी आत्ता सांगत नाही. ते बाबांसाठी होतं.

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, "कॅमेऱ्यात टेप आहे. आत्ता बघायची नाही. मी नसताना बघा."

"असलं काही बोलू नकोस."

"बोलून झालंय. टेपवर आहे."

त्यानंतर दीड महिन्याने आई गेली.

बाबांनी ती टेप पाहिली नाही. वर्ष झालं तरी पाहिली नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी ते कपाट उघडायचे, मला हातात घ्यायचे, पुन्हा ठेवायचे. घरात आता एकच कप धुतला जायचा. टीव्ही चालू असायचा आणि बाबांची पावलं दुसऱ्याच खोलीत वाजायची. लेकीचा फोन यायचा, बाबा तो स्पीकरवर ठेवायचे. "जेवलात?" "हो." "बरे आहात ना?" "ठीक आहे." "ठेवू?" "ठेव." एवढंच. मग पुन्हा नळ, पुन्हा टीव्ही.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला टेबलावर ठेवलं, वायर लावली, चष्मा लावला आणि बटण दाबलं. इतका काळ पडून राहिल्याने माझी चाकं आखडली होती. पोटातून कुईं कुईं असा आवाज आला. बाबा थांबले. त्यांनी कान लावून ऐकलं. आणि मग, मित्रांनो, चाळीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. ते उठून बुधली घेऊन आले.

मला ओरडायचं होतं. छापखान्याचं मशीन तेलावर चालतं, मी तेलाने मरतो. पण बाबांनी माझ्या पोटाच्या फटीत बुधलीची चोच घातली, अगदी हलक्या हाताने, आणि दोन थेंब सोडले. मग थोडा विचार करून तिसरा.

तेल पट्ट्यावर गेलं, तिथून टेपवर. टेपची फीत आतल्या गोल डब्याला ओली चिकटली. मोटर अर्धी फिरून अडली. पडद्यावर चूक झाल्याचं चिन्ह आलं आणि पोट उघडेना. बाबा कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसले. मग त्यांनी फडकं आणून मला बाहेरून लखलखीत पुसलं. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

रविवारी लेक आली. मला टेबलावर पाहून म्हणाली, "हा अजून आहे? बिघडलाय का? टाकून द्या बाबा, मी नवा घेऊन देते."

"नवा नको. आत टेप आहे."

"कुठली टेप?"

बाबांनी सांगितलं. लेकीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "वर्षभर मला सांगितलं नाहीत?"

"तिने मला बघायला सांगितलं होतं."

"आई माझी पण होती, बाबा."

बाबांनी मला उचललं आणि चपला घातल्या.

दुरुस्तीचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. दुकानदार चाळिशीचा होता, कपाळावर भिंग बांधलेला. त्याने मला उलटं केलं, फटीला नाक लावलं.

"याला शिवणयंत्राचा वास का येतोय?"

"दमट हवा आहे," बाबा म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा."

"दोन थेंब घातले."

"बाबा."

"तीन."

दुकानदार हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. त्याने माझ्यावर दिवा धरला आणि सरळ सांगितलं. "काका, दोन रस्ते आहेत. याचे सुटे भाग आता बनत नाहीत, पण याच जातीचा एक मेलेला कॅमेरा माझ्याकडे आहे. त्याचे भाग घालून हा चालू होईल. पण त्यासाठी याच्याच मोटरने टेप बाहेर ओढावी लागेल. फीत चिकटलेली आहे. ओढताना तुटेल, चुरगळेल. किती वाचेल सांगता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे टेप ज्या पिंजऱ्यात बसते तो कापून काढायचा. टेप जवळजवळ अख्खी मिळेल. ती मी दुसऱ्या मशीनवर लावून देतो. पण हा पुन्हा टेप घेणार नाही. कॅमेरा म्हणून संपला."

"कापा," लेक म्हणाली.

"थांब," बाबा म्हणाले. "दोन्ही नाही होणार?"

"नाही काका."

"तिचा हात होता याच्यावर. वीस वर्षं."

"आणि टेपवर ती स्वतः आहे बाबा. तुम्हाला काय बघायचंय, हा हाताचा पट्टा?"

लेकीला लगेच वाईट वाटलं. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "घाई नाही. मी कुठे जात नाही. उद्या या."

घरी बाबा मला घेऊन गॅलरीत बसले. माझ्या अंगाला एक चामडी पट्टा आहे, त्यात हात घालून मला धरतात. आईने तो शिवून आपल्या मापाचा करून घेतला होता. बाबांनी त्यात हात घालून पाहिला. चार बोटं गेली, अंगठ्यापाशी अडला. त्यांनी जोर केला नाही. हात काढून घेतला आणि पट्ट्याकडे पाहत राहिले.

मला काय हवं होतं, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. मला जगायचं होतं. मी पुन्हा चालू झालो तर कोणी तरी मला हातात घेईल, असं मला अजून वाटत होतं. पण माझ्या पोटात काय होतं तेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर बाबा म्हणाले, "कापायचंय. पण मी उघडतो. तुम्ही सांगत जा."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि बारीक पेचकस त्यांच्या पुढे ठेवला.

बाबांनी टेबलावर जुना कागद पसरला. एकेक स्क्रू काढून ते त्या कागदावर मांडत गेले, डावीकडून उजवीकडे, ज्या जागेचा त्या जागी. छापखान्यात मशीन उघडताना असंच मांडत असणार. "हा सोडा, तो दाबा, आता इथे कापा," दुकानदार सांगत होता. मी त्या घरात आल्यापासून बाबांनी मला पहिल्यांदाच पोटापर्यंत ओळखलं. पिंजऱ्याचे चार पाय कटकट तुटले. मला दुखलं का? हो. पण त्या हातांविषयी माझी तक्रार नाही.

टेप निघाली. दुकानदाराने कापसाने, थेंब थेंब स्पिरिट लावून ती सोडवली. वीतभर फीत गेली, ती कापून त्याने जोड दिला. मग टेप दुसऱ्या मशीनमध्ये घातली. आधी पडद्यावर नुसते पट्टे आले. मग आई आली.

"दिसतेय का मी? दिसत असेन." तिने कागद नाकाजवळ धरला. "लोकरीचे कपडे गरम पाण्यात घालू नका. घातले असतील एव्हाना. असू दे. कुंड्यांना रोज पाणी नको, मातीत बोट घालून बघा. लेकीचा फोन आला की 'ठीक आहे' म्हणून ठेवून देऊ नका. ती तेवढ्यासाठी फोन करत नाही. दोन वाक्यं बोला, खरी." मग तिने कागद उलटा केला. "हां. आणि याला तेल घालू नका. ओळखते मी तुम्हाला."

दुकानदार खाली वाकून टेबलाखाली काही तरी शोधायला लागला. लेक आधी हसली. बाबाही हसले, मोठ्याने, आणि ते हसणं मध्येच थांबलं. लेकीने त्यांचा तेलकट हात धरला. टेप पुढे चालू राहिली. उरलेलं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता मी पुस्तकांच्या फळीवर असतो. बाबांनी मला सगळे स्क्रू लावून परत बंद केलं. नवा कॅमेरा त्यांनी घेऊ दिला नाही. वायर लावली की माझं भिंग अजून उघडतं, छोटा पडदा उजळतो. त्यावर समोरचं सगळं दिसतं आणि कोपऱ्यात टेप नसल्याची खूण लुकलुकत राहते. मला दिसतं, ठेवता येत नाही. कधी कधी दुपारी बाबा मला लावून खिडकीशी ठेवतात. समोरच्या गल्लीतून माणसं जातात. बाबा गल्लीकडे न बघता माझ्या पडद्याकडे बघत बसतात. मग वायर काढतात. लेकीच्या फोनवर आता ते थोडं जास्त बोलतात. घर मात्र तेवढंच रिकामं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी एक माणूस सतत सगळ्यांचे फोटो काढत असेल. त्याच्या हातातून कॅमेरा काढून घ्या आणि त्याला समोर उभं करा. तो नको म्हणेल. ऐकू नका. आणि घरातली एखादी जुनी वस्तू दुरुस्त करायची की नवी आणायची, असा वाद निघेल, तेव्हा आधी ती उघडून आत काय राहिलंय ते बघा. मग हवं तर टाकून द्या. आमच्यातलं कोणी रागावणार नाही.