एकशेदहा झाडांचा परवाना

मी रूथ बोलतेय. जातीनं खेचर. आई घोडी आणि बाप गाढव, त्यामुळे खानदानाची बढाई मारायची सोय नाही आणि मागं वंशही नाही. लोक मला हट्टी म्हणतात. पाय ठेवला तर कडा सुटणार हे डोळ्यांनी दिसत असताना तिथं पाय न ठेवणं, याला ते हट्ट म्हणतात. म्हणोत बापडे. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या पाठीवरून एकही ओझं दरीत गेलेलं नाही.

माझी मालकीण व्हर्ना टॉलेफसन. मोंटानाच्या डोंगराखाली सॉलोमन ओढ्याच्या काठी तिचं कुरण आहे. रूथ हे तिच्या सासूचं नाव. सासू हयात असताना, तिच्या डोळ्यांदेखत ते मला ठेवलं गेलं. म्हातारी कुंपणापाशी आली की व्हर्ना मुद्दाम आवाज चढवून म्हणायची, "रूथ, मागं हो. वाटेत उभी राहू नकोस." म्हातारीही काही कमी नव्हती. ती मला साखर द्यायची आणि सुनेला नाही.

आमचा धंदा ओझ्याचा. पानगळ सुरू झाली की शिकारी येतात. त्यांचे तंबू, शेगडी, दाणागोटा आम्ही वर न्यायचा आणि एल्क पडला की त्याचं मांस खाली आणायचं. एल्क म्हणजे सांबराहूनही थोराड अंगाचं हरीण. त्याचे चार तुकडे आणि शिंगं न्यायची म्हणजे दोन खेचरांचा घाम निघतो.

पहिल्या वर्षी मी रक्ताच्या वासाला बिचकले. चारी पाय रोवून उभी राहिले. दोराचा फटका पाठीवर बसायचा हे मला ठाऊक होतं. पण ज्याचं ते जनावर होतं तो माणूस, एल्डन क्रूगर, पुढं आला, त्यानं रक्ताचा हात माझ्या नाकापासून हातभर लांब धरला आणि तसाच ओंडक्यावर बसून राहिला. हात भरून आला की तो बदलायचा. तास गेला. व्हर्ना वैतागली, तर तिला म्हणाला, "बसू दे गं. तिला पटल्याशिवाय ती यायची नाही. मी तरी आलो असतो का?" मग मलाच लाज वाटली आणि मी पुढं झाले. त्या दिवसापासून हा माणूस माझा झाला.

एल्डन दुसऱ्या राज्यातला, विस्कॉन्सिनचा. कागदाच्या गिरणीत यंत्रावर होता. इथल्या माणसाला एल्कचा परवाना दोन वेळच्या जेवणाच्या पैशात मिळतो. बाहेरच्याला त्याच कागदासाठी महिन्याची कमाई ओतावी लागते आणि वर सोडतीत नाव निघावं लागतं ते वेगळंच. गिरणीच्या पगारात घर चालायचं. परवाना चालायचा नाही. तो निघायचा मेपलच्या झाडांतून.

त्याच्या घरामागं मेपलचं रान आहे. हिवाळा सरता सरता तो खोडांना भोकं पाडायचा, डबे टांगायचा आणि त्यांचा गोड रस उकळून पाक विकायचा. चाळीस डबे रस आटवावा तेव्हा कुठं एक डबा पाक. पहिल्या वर्षी साठ झाडांत परवाना निघाला. काही वर्षांनी किंमत वाढली, तर सत्तर लागली. मग पंचाऐंशी. एल्डननं पैशाचा आकडा कधी सांगितला नाही. तो ट्रकमधून उतरायचा, माझ्या मानेवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "यंदा ब्याण्णव, रूथ."

व्हर्नाच्या स्वयंपाकघरात गावचे लोक कॉफी प्यायला जमायचे. खिडकी उघडी असली की मला सगळं ऐकू यायचं. बाहेरच्यांनी मोजावेत पैसे, असं त्यांचं म्हणणं. हिवाळाभर ही जनावरं आमचं गवत खातात, कुंपणं मोडतात, ते कोण भरून देणार? त्यात काही खोटं नव्हतं. मी स्वतः माझ्या वाट्याचा कडबा एल्कांना खाताना पाहिलाय. मला वाटलं, एल्डन भांडेल. तो म्हणाला, पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊच नये. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यानं व्हर्नाचं मोडलेलं कुंपण बांधून काढलं. असा माणूस. अशा माणसाचं ओझं पाठीला लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो उतरला तेव्हा मानेवर थाप आली, पण आवाज आला नाही. जरा वेळानं म्हणाला, "एकशेदहा." मग व्हर्नाकडे वळून त्यानं सांगितलं की मोठं झाड आता एकही उरलं नाही. कोवळ्या झाडांना भोक पाडलं तर ती मरतात, तेव्हा ते तो करणार नाही. पुढच्या वर्षी किंमत वाढणार हे नक्की. त्याचं वय त्र्याहत्तर. म्हणजे हा त्याचा शेवटचा एल्क. मागच्या तीन वर्षांत त्याला एकही मिळाला नव्हता.

त्या वर्षी त्याची मुलगी जॅनेल बरोबर होती. चाळिशीची, चीजच्या कारखान्यात मुकादम, खांदे बापासारखे रुंद. तिच्याजवळ परवाना नव्हता, दोन परवाने निघण्याइतकं रान कुणाकडे असतं? बाप दर वर्षी दहा दिवस कुठं गडप होतो ते एकदा बघून घ्यावं म्हणून ती आली होती. भांडी घासायची, लाकडं फोडायची आणि बापाला टोमणे मारायची. "घरी आईनं दुधाची पिशवी आणायला सांगितली की तुमचे गुडघे दुखतात," ती म्हणायची, "आणि इथं बरे हे डोंगर चढता येतात." एल्डन नुसता हसायचा.

पाचव्या दिवशी सकाळी घोटाभर बर्फ होता. आम्ही वरच्या माळाच्या कडेला पाइनच्या झाडांत थांबलो होतो. व्हर्नानं माझा दोर धरला होता. पलीकडच्या झाडीतून नर बाहेर आला. सहा फाट्यांची शिंगं, तोंडातून वाफ. एल्डन गुडघ्यावर बसला आणि त्यानं बंदूक खांद्याला लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. त्याचा हात थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नव्हे, वयानं थरथरतो तसा. त्यानं बंदूक खाली घेतली, पुन्हा लावली, पुन्हा खाली घेतली. मग शेजारी बसलेल्या जॅनेलकडे सरकवली आणि पुटपुटला, "घे. जखमी करून सोडण्यापेक्षा तू घे."

व्हर्नानं तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आत बार झाला. नर चार पावलं चालला आणि बसला तो उठला नाही.

एल्डनचा चेहरा मी त्याआधी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. लेकीला मिठी मारून तो माळ ओलांडून गेला, जनावरापाशी टोपी काढून उभा राहिला आणि मग खिशातून परवान्याची चिठ्ठी आणि चाकू काढला. त्या चिठ्ठीवर महिना आणि तारीख चाकूनं कापायची आणि ती शिंगाला बांधायची, मगच जनावर हलवायचं, असा नियम. चाकूचं टोक कागदावर टेकलं तेव्हा आम्ही पोचलो.

"एल्डन, थांब," व्हर्ना म्हणाली. "गोळी तिनं घातली."

"मग? चिठ्ठी माझी आहे ना?"

"इथं तसं चालत नाही रे. ज्याची चिठ्ठी त्याचीच गोळी."

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे हरणाच्या मोसमात सगळं घरदार एकत्र रानात उतरतं. जावयानं मारलेल्या हरणाला सासऱ्याची चिठ्ठी लागते आणि त्यात गैर काही नसतं, कायदाच तसा आहे. इथं बावीस वर्षं तो एकटाच येत होता, तेव्हा हा प्रश्न कधी उठलाच नाही. नियमांचं पुस्तक त्यानं वाचलं होतं. पण जे आपल्याला येतंच असं वाटतं, त्या पानावर माणूस थांबत नाही.

जॅनेल पांढरीफटक पडली. मग व्हर्ना हळूच म्हणाली, "इथून शिकारखात्याची चौकी अकरा मैल आहे. बघणारी फक्त ही खेचरं. काप ती तारीख, बांध चिठ्ठी. मी काही पाहिलं नाही."

माझ्या मालकिणीला मी ओळखते. पै-पैचा हिशेब चोख ठेवणारी बाई. ती हे बोलली ते निव्वळ मायेपोटी. आणि हे उघड झालं, तर तिचा वर माणसं नेण्याचा परवानाही जाणार होता, तेही तिला ठाऊक होतं. एल्डनलाही ठाऊक होतं. तो चाकू हातात धरून उभा होता. मला वाटलं, कापेल. कापावं, असंही मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

"व्हर्ना," तो अखेर म्हणाला, "मी खाली जाऊन सांगितलं तर तुझं काय होईल?"

"माझं काय व्हायचं ते होईल. मी साठी उलटलेली बाई आहे. कोंबड्या पाळीन."

"मला एल्क हवा होता गं. फार हवा होता."

"माहीत आहे मला."

त्यानं चाकू मिटला आणि चिठ्ठी कोरीच्या कोरी खिशात ठेवली. मग बाह्या सारून कामाला लागला, कारण मांस नासवणं हा आणखी मोठा गुन्हा. दुपारपर्यंत तिघांनी जनावर सोलून, तुकडे करून, कापडात बांधून आमच्यावर लादलं. अकरा मैल एल्डन माझ्या शेजारून चालला. मी नेहमीपेक्षा सावकाश चालले, आणि या वेळी मला कुणी हट्टी म्हटलं नाही.

चौकीवर वेंडेल ऑस्बी होता. शिकारीच्या खात्याचा रखवालदार, तीसेक वर्षांचा, कडक म्हणून गावभर बोलबाला. एल्डननं एका दमात सगळं सांगितलं: बंदूक मी दिली, चूक माझी, मुलीचं नाव लिहू नका. जॅनेल मध्येच म्हणाली, "गोळी मी घातली. माझंच नाव लिहा. बाबा, तुम्ही गप्प बसा." त्यावर व्हर्ना पुढं सरसावली. "दोघांना घेऊन गेले मी, आणि दडवा म्हणूनही मीच म्हणाले. माझं आधी लिही."

वेंडेलनं पेन खाली ठेवलं. "व्हर्नाबाई, या चौकीवर लोक गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भांडतात. तुम्ही तिघं उलटंच काय करताय?" मग एल्डनकडे बघून म्हणाला, "क्रूगरसाहेब, माझा पगार तुमच्यासारख्या बाहेरच्यांच्या पैशातून होतो. आज तुमच्याकडूनच हे मांस घ्यावं लागतंय, मला बरं वाटत नाही."

"नियम आहे, तर घ्या," एल्डन म्हणाला.

नियमाप्रमाणे मांस जप्त झालं आणि गावच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेलं. एल्डनला दंड झाला आणि दोन वर्षं शिकारबंदी. आपणहून आली म्हणून जॅनेलला नुसती ताकीद मिळाली. व्हर्नाच्या नावापुढं वेंडेलनं बराच विचार केला आणि 'स्वतः हजर, पूर्ण सहकार्य' एवढंच लिहिलं. आमच्या पाठीवरून ते चार तुकडे एल्डननं स्वतः उतरवले आणि सरकारी गाडीत नीट रचले, जणू स्वतःच्या घरी नेतोय. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोन वर्षांची बंदी म्हणजे काय, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

त्यानंतर मीही वर गेले नाही. पुढच्या डाव्या पायाच्या सांध्यात दुखणं आलंय. आता मी कुंपणाशी उभी असते आणि तरणी खेचरं ओझी घेऊन जातात. त्यांना वाट ठाऊक नाही आणि ती माझं ऐकत नाहीत. एल्डन पत्रं लिहितो. व्हर्ना ती कुंपणापाशी उभी राहून मोठ्यानं वाचते आणि म्हणते की चष्मा उजेडात बरा चालतो. मला ठाऊक आहे ती कुणासाठी वाचते.

बंदी यंदाच्या पानगळीत संपते. परवान्याची किंमत पुन्हा वाढलीय. मागच्या आठवड्यात पत्र आलं. त्यानं लिहिलंय:

"सोडतीत नाव निघालं. माझं नाही, जॅनेलचं. अर्ज मी तिच्याच नावानं भरला होता. बापलेकीनं मिळून एक परवाना निघेल एवढेच पैसे जमले, आणि माझे हात आता बंदूक धरण्याच्या कामाचे राहिले नाहीत. या वेळी तिची गोळी आणि तिचीच चिठ्ठी. मी मागून येईन, खिशात हात घालून. रूथला सांग."

व्हर्नानं मला सांगितलं. मग चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत बसली आणि नाव मात्र धुळीचं घेतलं.

खात्याच्या साहेब लोकहो, किंमत वाढवायची तर वाढवा. गवताला, रखवालदाराला पैसा लागतो हे मला कळतं; मी तेच गवत खाते. पण आकडा लिहिण्याआधी एकदा माझ्या कुंपणापाशी या. हा माणूस काय काय देऊन हा डोंगर चढला आणि अकरा मैल उतरून काय परत करून गेला, ते मी तुम्हाला सांगेन.

आणि व्हर्ना, तुझ्याकडे माझं एकच मागणं आहे. ओझं नको, खोगीर नको, नुसता गळ्यात दोर घालून मला त्या माळापर्यंत ने. पाय दुखेल, दुखू दे. ती पोर जनावरावर नेम धरील तेव्हा तिच्यामागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला टेकायला काहीतरी लागेल. मी हलणार नाही. हट्टी आहे मी.