न दचकलेलं लेकरू

आवाजासकट

शंख फुंकला गेला. दोन घंटा बडवल्या गेल्या. मंगल कार्यालय भरून माणसं होती, त्यांनी टाळ्या पिटल्या, पत्र्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. आणि आजीच्या मांडीवर, गोधडीत निजलेल्या लेकरानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"बघा!" अबोलबाबा माइकमध्ये गरजले. "दुनिया बोंबलून राहिली, आन् योगी समाधीत!"

नाव अबोलबाबा, पण एकदा सुरू झाले की माइक तापायचा. मुदखेडकडून आले होते म्हणे. महिनाभर उदगीरात दर सोमवारी हाच खेळ चालला होता.

"आता मी मंत्र सांगणार. कानात. तुमच्या-माझ्या कानाला कळणार न्हाई इतका हळू. उमादेवी, ती गोधडी काढा. योग्याला मऊ बिछाना चालत न्हाई. लाकडावर ठेवा."

उमादेवींनी नातवाला उघड्या सागवानी तख्तावर ठेवलं. बाबा त्याच तख्तावर खडावा घालून उभे होते, हातात निरांजन. सगळं कार्यालय चिडीचूप झालं. टक. टक. दोन पावलं चालून बाबा वाकले, ओठ हलले.

लेकरू चमकलं. दोन्ही हात फाकले, डोळे उघडले, निरांजनाकडं वळले. मग ते हसलं.

बायका रडायला लागल्या. पुरुषांनी मोबाइल वर धरले.

लेकराची आई मंजुश्री खांबाला टेकून उभी होती. तिला काहीच वाटलं नाही. हल्ली वाटतच नसे. हात पाजायचे, हात लंगोट धुवायचे, हात नमस्कारही करायचे, आणि ती बाजूला उभी राहून त्या हातांकडं बघायची.

मागचं

चंद्रप्पांचं, म्हणजे मंजुश्रीच्या सासऱ्यांचं, चौकात पितळी भांड्यांचं दुकान. घरात मूल जन्मलं की कानाशी ताट वाजवायची रीत. पोर एकदा दचकलं की जन्मभर दचकत नाही, असा समज. विरेश जन्मला तेव्हा उमादेवींनी ताटावर लाटणं हाणलं. दाई दचकली, नर्स दचकली. विरेश नाही.

"निधड्या छातीचं हाय गं लेकरू!" उमादेवींनी पेढे वाटले.

बारशाला आत्या शिवगंगानं कानात 'कुर्र' केलं, नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. आत्या कळवळली. ज्याचं नाव, तो छताकडं बघत होता.

मग चौथ्या महिन्यात एके दिवशी दुकानात परातींची थप्पी कोसळली. गिऱ्हाईक उडी मारून रस्त्यावर गेलं. विरेश गल्ल्यामागं निजलेला, निजलेलाच राहिला.

"अव्वा," मंजुश्री सासूला म्हणाली, "लातूरला कानाच्या डॉक्टरला दाखवू या."

"कानाला काय झालंय? दोन हायत की."

"ऐकू येतं का बघू."

"शुभ बोल की गं जरा!"

त्याच आठवड्यात चंद्रप्पा नातवाला अबोलबाबांकडं घेऊन गेले. बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला. लेकरू मौन घेऊन आलंय. बारा वर्षं मौन. दवाखान्याचं यंत्र कानाला लागलं तर मौन तुटेल, मौन तुटलं तर प्राण जाईल. तोवर उघड्या लाकडावर निजवा.

लातूरचा रस्ता तिथंच बंद झाला. नवऱ्याला, संगमेशला, तिनं रात्री विचारलं. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "अप्पांपुढं मी काय बोलू मंजू?"

त्यानंतर तिला वाटायचं थांबलं.

फोन

दुपारची वेळ. विरेश उघड्या दिवाणावर, फळीवर निजलेला. संगमेश फोन तिथंच विसरून गेला होता, सायलेंटवर. उमादेवी शेजारी पाठमोऱ्या बसून वाती वळत होत्या.

फोन थरथरला. उमादेवींना पत्ता नाही.

विरेश चमकून जागा झाला.

मंजुश्री बघत राहिली. परातींची थप्पी याला जागं करत नाही. आवाज बंद केलेला फोन करतो.

तो पुन्हा निजल्यावर तिनं फोन गोधडीच्या घडीवर ठेवला आणि आपल्या फोनवरून लावला. काही नाही. मग फोन फळीवर ठेवून लावला. विरेश चमकला. पुन्हा गोधडीवर. काही नाही.

तिला आनंद झाला नाही, रागही आला नाही. फक्त हात गार पडले. हे हात आपलेच आहेत, हे बऱ्याच दिवसांनी कळलं.

तिनं शिवगंगाला फोन लावला. "अक्का, सोमवारी या. तख्ताजवळ उभं राहायचं. मी सांगीन तवा मला एक फोन लावायचा. बस."

सोमवार

शंख, घंटा, टाळ्या. "योग्याला लाकडावर ठेवा!"

"अव्वा, आज मी ठेवते." मंजुश्रीनं तख्तावर गोधडीची चौघडी घातली, वर विरेशला ठेवलं. एक हात त्याच्या पोटावर.

"माई, गोधडी काढ."

"राहू द्या की बाबा. गारठा हाय."

"ऊर्जा अडते!"

"मंत्र कानातून जातो म्हणला न्हाई का तुम्ही?"

"हाव. कानातूनच."

"मग गोधडी कानाला कुठं लागलीय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी निरांजन उचललं. टक. टक. वाकले, ओठ हलले. विरेश झोपेत. टक, टक, टक. बाबांनी मंत्र मोठ्यानं म्हटला, मग ओरडून म्हटला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कान झाकले.

"आईच्या मनात शक हाय!" बाबा वळले. "म्हणून योगी रुसला!"

मंजुश्रीनं गोधडी काढली. लेकराला लाकडावर ठेवलं, त्याच्या पायाशी आपला सायलेंटवरचा फोन ठेवला. "लावा अक्का."

फोन थरथरला. विरेश चमकला. हात फाकले, डोळे उघडले.

"बाबा," ती सपाट आवाजात म्हणाली, "आता माझा फोन बी सिद्धपुरुष म्हणायचा का?"

हशा पिकला. चंद्रप्पा हसले नाहीत. ते तख्तापाशी आले. नातवाच्या डोक्यामागं टाळी वाजवली. काही नाही. मग बोटाच्या पेरानं लाकडावर एकदाच ठोकलं. विरेश दचकला.

चंद्रप्पा तिथंच तख्ताच्या कडेला बसले.

"गिऱ्हाइकाला रोज सांगतो, भांडं वाजवून घ्या," ते कुणाला तरी म्हणाले. "आन् हा बाबा न वाजवताच घेतला मी."

बाबा मागच्या दारानं गेले. खडावा तख्तावरच राहिल्या.

तेच, आवाज काढून

आता पहिला प्रसंग पुन्हा बघा. शंख फुंकणारा माणूस गाल फुगवतो. माणसं हातावर हात आपटतात. आजीची मांडी मऊ, ऊबदार. झोप.

पाठीखाली कडक, गार काहीतरी. ते हादरतं. पुन्हा हादरतं. पाठ घाबरते, हात फाकतात. डोळे उघडले तर समोर एक पिवळी ज्योत हलतेय. छान दिसतेय. हसू.

एवढाच चमत्कार. खडावांचा ठोका साऱ्या कार्यालयाला ऐकू आला होता. ज्याला तो ऐकू आला नाही, त्याच्या पाठीला तेवढा लागला.

लातूर

डॉक्टरीणबाईंनी निजलेल्या विरेशच्या कानात मऊ बोंडं बसवली, कपाळाला तारा चिकटवल्या. यंत्र कानाला लागलं. प्राण कुठं गेला नाही. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, असा निकाल आला.

"पण हा हसतो, हुंकारतो," संगमेश म्हणाला. या खेपेला तो स्वतः आला होता.

"न ऐकणारी मुलंही सुरुवातीला हुंकारतात, म्हणून घरचे फसतात. ऐकणारं बाळ जन्मल्यापासून मोठ्या आवाजाला दचकतं. चार-सहा महिन्यांत आवाजाकडं मान वळवायला लागतं. यानं दोन्ही केलं नाही. तुम्ही लवकर यायला हवं होतं. पण फार उशीर झालेला नाही. ऐकायचं यंत्र लावू. मात्र यंत्रानं सगळं होत नाही. रोज बोलावं लागेल, शिकवावं लागेल. त्यानं भागलं नाही तर पुढं शस्त्रक्रियेचा इलाज आहे."

यंत्रं बसवून घरी आणलं त्या दिवशी उमादेवी ताट आणि लाटणं घेऊन आल्या. विरेश गोधडीच्या चौघडीवर होता. त्या त्याच्या मागं, लांब उभ्या राहिल्या आणि वाजवलं.

विरेशचं तोंड वाकडं झालं. ओठ थरथरले. त्यानं असा टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"भ्यालं!" उमादेवी ओरडल्या. "अगं मंजू, भ्यालं गं लेकरू!" आणि ताट तसंच टाकून पेढे आणायला धावल्या.

मंजुश्रीनं त्याला उचललं. त्याचं रडणं तिच्या छातीच्या हाडातून आत गेलं, आणि आत कुठंतरी लागलं.

तेव्हा लोकहो, ताट वाजवायचं तर बेताचं आणि लांबून वाजवा, पण वाजवल्यावर लेकराकडं बघा. दचकलं तर ते भित्रं नाही. दचकलं नाही तर ते शूरही नाही, योगीही नाही. आणि दचकलं तरी पहिल्या महिन्याभरातच त्याचे कान एकदा तपासून घ्या. त्या तपासणीनं दुखत नाही, मौन तुटत नाही. पेढे त्यानंतरही वाटता येतात.