धुरीघराच्या दारावरचा फळा

मित्रांनो, माझ्या चौकटीला हेरिंग माशांच्या धुराचा वास येतो, पण मुळात मी शाळेतला. मी एक जुना, काळ्या दगडाचा फळा आहे. डेन्मार्कमधल्या आमच्या बॉर्नहोम बेटावरची एक शाळा बंद पडली, तेव्हा कोफोडआजोबांनी मला उचलून आणले आणि मासे धुरावर शिजवून विकायच्या आपल्या धुरीघराच्या दाराशी टांगले.

रोज सकाळी ते माझ्यावर खडूने लिहीत: आज कोणाच्या नावेचे मासे आहेत, धुरीतून केव्हा निघतील. मासे बारीक असले तर तेही लिहीत. लोक आधी मला वाचत, मगच आत जात. मला त्याचा अभिमान वाटे.

आजोबांनंतर धंदा त्यांची मुलगी बोडिल आणि तिचा धाकटा भाऊ आक्सेल यांच्याकडे आला. एका उन्हाळ्यात शीतगृहाचे यंत्र बिघडले आणि आतले सगळे मासे नासले. त्यांतला एकही विकला गेला नव्हता. दोघांनी ते पुरून टाकले.

"फळ्यावर लिहून टाक," बोडिल म्हणाली.

"मासे नासले असं लिहू? वेड लागलंय का ताई? गप्प बसलं की लोक विसरतात."

त्याने माझ्यावर 'बंद' एवढेच लिहिले. का ते नाही, कधीपर्यंत तेही नाही.

आमच्या गावात तोंडावर कोणी विचारत नाही. धुराडे थंड दिसले की लोक मान हलवून पुढे जातात आणि मग आपसांत बोलतात. माझ्यासमोरच्या बाकावर तेच चालले होते.

"कुणीतरी आजारी पडलं म्हणे."

"कुणीतरी? हॉटेलातले निम्मे पाहुणे!"

"तरीच! माझं मांजरसुद्धा परवा इथल्या माशाला तोंड लावेना," नेहमी इथूनच मासे घेणारा स्वेंड म्हणाला.

"तुझं मांजर लोण्यालाही नाक मुरडतं रे!"

सगळे हसले. माझ्याजवळ उत्तर द्यायला एकच शब्द होता, आणि तो त्यांचेच म्हणणे खरे करीत होता.

यंत्र दुरुस्त झाले, धुराडे पुन्हा पेटले, पण गिऱ्हाईक फिरकेना. हॉटेलने दुसरीकडून मासे घ्यायला सुरुवात केली.

"वडिलांची धुरी आपल्या हातून विझणार, आक्सेल," बोडिल म्हणाली. तो धुराड्यात लाकडे सारत राहिला. मग तिनेच खडू घेतला आणि माझ्यावर लिहिले: 'शीतगृह बिघडले होते. नासलेले मासे पुरले, एकही विकला नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवे होते.'

स्वेंडने ते दोनदा वाचले.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग बोलायचं की गं! आम्ही काय काय समजून बसलो."

त्याने एक हेरिंग घेतला. बाकावर बसून कागद उलगडला, मासा नाकाशी नेला, वास घेतला आणि मगच खाल्ला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्याने कधी वास घेतला नव्हता. बोडिल खिडकीतून पाहत होती.

आता ती रोज माझ्यावर सगळे लिहिते. बाकावर एखाददुसरा माणूस येतो. तुम्ही पुढे दुकान काढाल, कारखाना चालवाल. दाराशी माझ्यासारखा एखादा फळा नक्की टांगा. आणि ज्या दिवशी काही बिघडेल, त्या दिवशी त्यावर नुसते 'बंद' लिहून थांबू नका.