बूटवाल्यांच्या वरची ओळ

दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “नातवासाठी का?”

“नाही हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “नवऱ्यासाठी.”

दुकानदाराने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा गप्प बसला. डब्यावर एक धिप्पाड गडी मुखवटा घालून हवेत आडवा झाला होता आणि त्याच्या पाठीवर मोरपिशी केप फडफडत होती. वर चकचकीत पट्टी होती, ‘तिन्ही भाग एकत्र’.

“मला फक्त तिसरा भाग हवाय.”

“सुटा मिळत नाही. घ्यायचे तर तिन्ही.”

“मग पहिल्या दोन्हींचं मी काय लोणचं घालू?”

दुकानदार हसला, पण डबा काही फोडला नाही. शेवटी मास्तरीणबाईंनी तिन्ही भाग घेतले. पिशवीत घालताना त्याने बजावलं, “आजी, तबकडीच्या कडेला जपा. सिनेमा आतून बाहेर चालतो. कडेला ओरखडा पडला की शेवट गेला म्हणून समजा.” शेवटासाठीच तर घेतलाय बाबा, असं मनात म्हणत त्या घराकडे निघाल्या.

आता हे मास्तर-मास्तरीण शाळेतले नव्हेत. मास्तर म्हणजे टेलरमास्तर, आणि त्यांची बायको म्हणून त्या मास्तरीणबाई. बाईंनी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण लोकांनी दिलेली पदवी कोण नाकारतो? चाळीस वर्षं घरातल्याच खोलीत दोघांचं काम चालायचं. बेतणं आणि शिवणं मास्तरांचं. काज, बटण, हातशिलाई, लोंबते धागे कापणं बाईंचं. मास्तरांना पट्टी लागायची नाही. कापडावर खडू एकदा ओढला की रेघ सरळ, बघणाऱ्याने दोरी लावून बघावं. आणि कपडा कितीही छान शिवला तरी बाईंच्या हातून गेल्याशिवाय तो पुरा झाला असं मास्तर म्हणायचे नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या स्टुडिओत त्या उडणाऱ्या गड्याचा तिसरा भाग बनला, आणि कपड्यांच्या खात्यात मास्तरांना आठ महिन्यांचं काम मिळालं. एकोणीस केपा शिवल्या त्यांनी! जळकी वेगळी, भिजकी वेगळी, वाऱ्यात उडायची वेगळी. बाई तिला झूल म्हणायच्या, आणि मास्तर दर वेळी चिडायचे. “झूल नव्हे गं, केप! झूल बैलाला घालतात.” त्या कामात डोळ्यांचा नंबर वाढला, पाठ गेली, पण खातेप्रमुखाने शब्द दिला होता, की सिनेमाच्या शेवटी नाव येईल. पडद्यावर. जगभर.

सिनेमा लागला तेव्हा बाई तापाने फणफणल्या होत्या. मास्तर एकटेच गेले. परत आले ते उंबऱ्यातूनच म्हणाले, “आलं!”

“कसं आलं? नीट सांगा की.”

“खालून वर चढत गेलं. पांढरी अक्षरं. बूटवाल्यांच्या वरच्या ओळीत.”

त्यानंतर बाईंनी हे शंभरदा विचारलं असेल आणि मास्तरांनी शंभरदा सांगितलं असेल, एक टाका इकडचा तिकडे न होता. बऱ्या झाल्यावर त्या स्वतः दोनदा थेटरात गेल्या, पण सिनेमा संपला रे संपला की दिवे लागायचे, दारं उघडायची, लोक उठून पडद्यासमोर उभे राहायचे. टीव्हीवर लागला तर नावं सुरू व्हायच्या आत साबणाची जाहिरात. मेल्यांना नावांचं काय वावडं होतं कोण जाणे. तरी बाईंचं काही अडलं नाही. नवऱ्याने पाहिलंय म्हणजे आपणच पाहिलंय. लेकीचं लग्न ठरवताना त्यांनी विहीणबाईंना ऐकवलं होतं, “यांचं नाव सिनेमात आहे हो.” थोरली बहीण दवाखान्यात शेवटच्या आजारात होती, तिला हाताने हवेत दाखवलं होतं, इथून असं वर चढतं, असं. बहिणीने डोळे मिटून ऐकलं होतं आणि म्हणाली होती, “नशीब काढलंस गं.”

गेल्या वर्षापासून मास्तरांचे हात थरथरायला लागले. आधी सुईत दोरा जाईना. मग खडूची रेघ वाकडी झाली आणि मास्तरांनी ती हाताने पुसून टाकली, कोणी बघायच्या आत. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच मशीनवर चादर टाकली. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. लेकीने नवीन प्लेयर घेतला तेव्हा जुना यांच्याकडे आला होता, आणि बाईंच्या डोक्यात आलं, की ह्या माणसाला एकदा त्याचं नाव दाखवायचं. थांबवून. हवं तेवढा वेळ. लेक-जावयाला रविवारचं बोलावूनही टाकलं.

बुधवारी दुपारी मास्तर डॉक्टरांकडे गेले तेव्हा बाई चष्मा लावून, रिमोट घेऊन टीव्हीसमोर बसल्या. उगाच चारचौघांत बटण चुकायला नको. नाव नेमकं कुठे येतं ते आधी बघून ठेवावं, एवढाच हेतू. तिसरी तबकडी घातली, सिनेमा पुढे पळवला, आणि नावं सुरू झाल्यावर एकेका ओळीवर थांबत गेल्या.

कपड्यांचं खातं आलं. खातेप्रमुख. त्याचे दोन मदतनीस. मुखवटेवाले चार. रंगवणारी एक बाई. मग बूटवाले. बूटवाल्यांच्या वर मास्तरांचं नाव नव्हतं. खालीही नव्हतं.

चुकून बटण जास्त दाबलं गेलं असेल म्हणून त्यांनी मागे नेलं. पुन्हा पाहिलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत, काचेवर बोट ठेवून, सगळी नावं वाचली. गाड्या चालवणाऱ्यांची होती, चहा देणाऱ्यांची होती, शिड्या उचलणाऱ्यांची होती. सिनेमात एक कुत्रा होता, दोन मिनिटांचं काम, त्याचंही नाव होतं. कुत्र्याचंसुद्धा, हो!

आधी त्यांना संताप आला. नऊ वर्षं! नऊ वर्षं हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला आणि मी गावभर दवंडी पिटत फिरले. मरणाऱ्या बहिणीला मी खोटं सांगितलं. येऊ दे घरी, चांगली हजेरी घेते. असं म्हणत त्या ताडकन उठल्या, आणि उभ्या राहिल्यावर त्यांना ती संध्याकाळ आठवली. ‘आलं’ म्हणून मास्तर आत आले होते ते थेट मोरीत गेले होते. कितीतरी वेळ हात धूत होते. मग चहा मागितला आणि प्यायले नाहीत. साय धरली त्यावर. आनंदाने सुचत नसेल, असं बाईंना वाटलं होतं. अंगात ताप होता ना. त्या पुन्हा खाली बसल्या आणि त्यांना रडू फुटलं.

मास्तर आले तेव्हा डबा टेबलावर होता. बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“हे काय?”

“तुमच्यासाठी. रविवारी सगळे मिळून बघू. लेक, जावईबापू, सगळे.”

“कशाला उगाच खर्च?” मास्तरांनी डबा उचलला. हात थरथरत होता आणि आतल्या तबकड्या खडखडत होत्या. “तू... तू पाहिलास का?”

“मला कुठे तो प्लेयर जमतोय.” खोटं बोलायची सवय नसलेल्या बाई हे इतकं सफाईने बोलल्या, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. वर घाईघाईने त्या दुकानदाराचं सगळं बोलून गेल्या, कडेला हात लावू नका, ओरखडा पडला की शेवट जातो म्हणे.

जेवताना त्यांनी एकदा वाट करून दिली. “अहो, एवढ्या शेकडो नावांत एखादं गळतही असेल, नाही? त्यात माणसाचा काय दोष?”

मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, “माझं नाही गळलं.”

सांगा ना, असं बाईंना ओरडावंसं वाटलं. मला तर सांगा. पण ह्या माणसाचे हात गेले होते, मशीन गेलं होतं, आता उरलं होतं ते एवढंच, नसलेलं नाव. तेही काढून घेण्याचं धाडस त्यांच्याच्याने झालं नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. लेकीला येऊ नको म्हणावं, तर का म्हणून विचारील. जावई तर हौशी, त्याने कॅमेरा आणायचं कबूल केलं होतं, नावाचा फोटो काढायला. शनिवारी दुपारी मास्तर खिडकीशी डुलक्या घेत होते तेव्हा बाईंनी मन घट्ट केलं. शिवणाच्या डब्यातून जाड सुई घेतली, आत जाऊन तिसरी तबकडी काढली, उजेडात धरली.

कडेला ओरखडा आधीच होता.

बुधवारी नव्हता. त्यांनी स्वतः पुसून ठेवली होती. बारीक रेघ होती, सुईचीच. तीनदा सुरू करून तीनदा घसरलेली, मुंगी चालल्यासारखी वाकडीतिकडी. हात कोणाचा ते रेघच सांगत होती. ज्या माणसाने आयुष्यात वाकडी रेघ ओढली नाही, त्याने चोरासारखं इथे बसून, थरथरत्या हाताने ही ओढली होती. कधी? बाई भाजीला गेल्या तेव्हा? एकटाच? त्यांनी तोंडात टॉवेलाचा बोळा कोंबला, हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून.

मग डोळे पुसून त्यांनी रेघ नीट पाहिली. वरवरची होती. एवढ्याने सिनेमा अडेल याची काही खात्री नव्हती. बाईंनी सुई घेतली आणि शेजारी दुसरी रेघ ओढली, सरळ आणि खोल, दाबून. तबकडी डब्यात ठेवली, सुई जागेवर खोचली, आणि चहा टाकला.

रविवारी सगळे जमले. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पायाशी काही नसताना ते सारखं खाली बघत होते. सिनेमा सुरू झाला. “बाबा, ही तुमची?” लेक विचारायची. “ती जळकी माझी. ती पावसातली पण माझीच,” मास्तर सांगायचे, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. त्या केपा खरंच देखण्या होत्या. ते खोटं नव्हतं. बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या मानेकडे बघत होत्या. शेवट जवळ आला तशी ती मान ताठ होत गेली. उडणारा गडी शहरावरून निघाला, केप पसरली, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज तुटला. सगळं थांबलं.

मास्तरांनी केवढा तरी श्वास सोडला.

“आत्ताच जायचं होतं?” जावई उठला. तबकडी काढून त्याने शर्टाला पुसली, खिडकीशी धरली. “ओरखडे आहेत हो. दोन. एक बारीक आहे, पण हा दुसरा पाहा, चांगलाच खोल!”

“दोन?” मास्तर म्हणाले.

कोणाचं लक्ष गेलं नाही. मास्तर हळूच वळले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई कपबशा गोळा करत होत्या.

“दुकानदार बदलून देईल,” जावई म्हणाला. “मी उद्या जातो.”

“काही नको,” बाई म्हणाल्या. “मी बुधवारी पाहिलंय.”

“तू पाहिलंस आई? मग आहे ना नाव?”

“आहे. खालून वर चढतं. पांढरी अक्षरं.” त्यांनी कपबशा खाली ठेवल्या. “बूटवाल्यांच्या वर.”

“वा, मग झालं तर!” म्हणत जावयाने कॅमेरा पिशवीत टाकला. आईने पाहिलंय म्हटल्यावर विषय मिटला.

ती दोघं गेल्यावर घर शांत झालं. मास्तर खिडकीशी बसले होते. बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या.

“खोल ओरखडा तुझा?” मास्तरांनी विचारलं.

“शेवटचा हात कायम माझाच असतो ना.”

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. “नव्हतं गं माझं नाव. सगळ्यांची होती.”

“ठाऊक आहे. कुत्र्याचंही होतं.”

मास्तर हसले आणि हसता हसता रडायला लागले. बाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. हात थरथरतच राहिला.

“मी शेवटपर्यंत बसलो होतो तिथे,” मास्तर म्हणाले. “दिवे लागले. लोक गेले. पडदा पांढरा झाला तरी उठलो नाही. झाडूवाली आली, माझ्या खुर्चीखालचं झाडून गेली. म्हटलं, अजून यायचं असेल.”